बटण बंद, बल्ब चालू

भोकरच्या बाजारगल्लीत सिद्धेश्वरचं वायर-बल्बचं दुकान होतं आणि त्या दुकानाच्या पायरीजवळ प्लास्टिकची एक खुर्ची होती. सकाळी दहा ते एक त्या खुर्चीवर आनंदराज गजभारे बसत. त्यांना तिथं कोणी नेमलं नव्हतं आणि उठा म्हणायची सिद्धेश्वरची हिंमत नव्हती. चाळीस वर्षं वायरमनचं काम केलेला माणूस. शिडीवर उभं राहून राहून गुडघे गेले, म्हणून काम सुटलं. डोळे आणि तोंड मात्र शाबूत राहिलं.

गिऱ्हाइकांबद्दल त्यांचं मत वाईट होतं, आणि गिऱ्हाइकं ते रोज खरं करून दाखवत.

"एक बल्ब द्या. मोठ्यातला मोठा."

"कुठं लावायचाय?" सिद्धेश्वरच्या आधी आनंदराजच विचारत.

"संडासात."

"संडासात बसून ज्वारी निवडायची हाय का?"

माणूस ओशाळून हसे. सिद्धेश्वर कपाळाला हात लावी. "काका, तुमी मपलं गिऱ्हाइक पळवून राहिलाव."

"पळू दे. पाच वॅटचं काम हाय तिथं पन्नासचा हंडा टांगून राहिलेत. ह्यांना उजेड नको, शेजाऱ्याचे डोळे दिपवायचेत."

ह्या खोडीचं मूळ त्यांना ठाऊक होतं. पूर्वी संध्याकाळी विहिरींवरच्या सगळ्या मोटारी सुरू झाल्या की डीपीवरचं, म्हणजे गावाच्या ट्रान्सफॉर्मरवरचं, व्होल्टेज दीडशेच्या खाली यायचं. शंभरचा बल्ब गाजरासारखा लाल दिसायचा. दोनशेचा लावला तर ताटातलं कालवण तरी दिसायचं. तेव्हा मोठा बल्ब घेण्यात अक्कल होती. आता बल्ब बदलले. खोक्यावर वॅटच्या शेजारी उजेड किती पडतो तेही छापून येतं. पण ते वाचायचे कष्ट कोण घेणार? बापानं मोठा घेतला म्हणून पोरगाही मोठाच घेतो. बापाला कारण होतं. पोराला नाही.

राग ह्या कष्टचुकारपणाचाच होता. बल्ब निवडायला लागतं तरी काय? त्या खोलीत आपण काय करतो ते आठवायचं. स्वयंपाकघरात दिवा पाठीमागं लावायचा नाही, नाहीतर आपलीच सावली चिरायच्या भाजीवर पडते. निवडणं, शिवणं असेल तिथं पांढरा आणि भरपूर. झोपायच्या खोलीत पिवळा आणि बेताचा. काचेच्या बंद गोळ्यात हे नवे बल्ब कोंडायचे नाहीत. आतल्या आत तापतात आणि सहा महिन्यांत मरतात. होल्डर पिनचा आहे की आट्याचा, ते घरून बघून यायचं. झालं. पाच मिनिटांचं काम. पण मोबाईल घ्यायला आठ दिवस व्हिडिओ बघणारी माणसं, ज्या उजेडात पुढची पाच वर्षं जेवायचं तो "कुठलाबी द्या" म्हणून नेत.

नवे बंगले तर त्यांना बघवत नसत. हॉलच्या छताला चोवीस दिवे, निळे-जांभळे, रिमोटवर रंग पालटणारे, आणि घरची म्हातारी सुईत दोरा ओवायला अंगणात येऊन बसलेली. अशी तीन घरं एकट्या भोकरात त्यांनी मोजली होती. ती वायरिंग करणाऱ्या आताच्या पोरांना ते वायरमन म्हणत नसत. "चिकटपट्टीवाले" म्हणत. स्वतःच्या कामाबद्दल मात्र त्यांचं एकच वाक्य असे: आनंदराजनं तार ओढलेल्या घरात दुसऱ्यांदा वायरमन बोलवावा लागत नाही. बोर्डाचे चारही स्क्रू ते असे पिळत की सगळ्यांच्या खाचा उभ्या एका रेषेत याव्यात. त्यानं विजेला काही फरक पडत नाही. त्यांना पडत असे.

पावसाळा मध्यावर आला असताना एका सोमवारी दुकानात एक नवी सून आली. हातातला हिरवा चुडा अजून कोरा होता.

"काका, देवघरात लावायला बल्ब पाहिजे. होल्डर पिनचा हाय. वरती गोळा-बिळा काही न्हाई, उघडाच हाय. खोलीला खिडकी न्हाई, पण खोली बारकी हाय."

आनंदराजनी मान वर केली. "आधीचा कसा होता?"

"तारेचा, पिवळा. परवा गेला. तसले आता मिळत न्हाईत म्हणतेत. पण पांढरा नका देऊ. पांढऱ्यात पितळी देव जर्मनच्या पातेल्यासारखे दिसतेत."

आनंदराज खुर्चीतून उठले. सिद्धेश्वर बघतच राहिला. गिऱ्हाइकासाठी काका उठल्याचं त्यानं ह्याआधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चार खोकी उघडली, डोळ्यांजवळ नेऊन वाचली, तीन परत ठेवली. पाच वॅटचा पिवळा एक बल्ब दुकानातल्या होल्डरला लावून दाखवला, काढला, तळवा फिरवून पुसला आणि तिच्या हातात दिला.

"कुठली गं तू?"

"देवणीची."

"देवणीत शाळा बरी दिसते."

सासर कुठलं ते विचारायचं त्यांना सुचलं नाही. बरोबर जागी बरोबर बल्ब गेला होता. त्यांच्या लेखी विषय संपला.

तो बल्ब पंधरा दिवसांनी, पुन्हा सोमवारीच, परत आला, रुमालात गुंडाळून, सोबत कापलेलं एक लिंबू घेऊन. आणणारा तिचा नवरा शिवशंकर होता. अठ्ठावीस वर्षांचा, शेतकी पदविका झालेला, चांगल्या बुटातला गडी. त्यानं रुमाल काउंटरवर ठेवला आणि हात पँटला पुसला.

"हा वापस घ्या. पैसे नका देऊ, फक्त घ्या."

"बिघडला का?" सिद्धेश्वरनं विचारलं, पण रुमालाला हात लावला नाही. लिंबू त्याला दिसलं होतं.

"विझत न्हाई."

"म्हणजे?"

"बटण बंद केलं तरी आत जळतच राहतो. बारीक. दार लावलं की दिसतो. आईनं बघितलं, बाबांनी बघितलं, मी बघितलं. दुसऱ्या कंपनीचा आणला, तोबी तसाच. तिसरा आणला, तोबी. तेच बल्ब बैठकीत लावले तर गप विझतेत. फक्त देवघरात विझत न्हाईत." त्यानं आवाज खाली घेतला. "देगलूरकडचा जाणता बघून गेला. भानामती हाय म्हणला. घरात नवीन आलेल्या माणसाच्या हातानं आलीय."

"नवीन आलेलं माणूस म्हणजे कोण?" आनंदराजनी विचारलं.

शिवशंकरनं रुमालाचं टोक सरळ केलं. मग म्हणाला, "आई म्हणते, चार महिने तिला माहेरी ठेवू. उतारा होईस्तोवर. गुरुवारी तिचा भाऊ न्यायला येतोय."

"चार महिन्यांनी आणणार तिला?"

"बघू की. जाणता सांगंल तसं."

आनंदराजनी त्याच्या खिशातल्या मोबाईलकडं बघितलं. "शेतातली मोटार कशावर चालू करतोस?"

"मोबाईलवर. का?"

"इथून बटण दाबलं की तिकडं विहिरीवर मोटार चालू होते. ती भानामती न्हाई व्हय?"

आनंदराजनी रुमाल सोडला, लिंबू गटारात टाकलं, बल्ब दुकानातल्या होल्डरला लावला. चालू, बंद. चालू, बंद. बंद केला की मेल्यासारखा काळा.

"बल्ब चांगला हाय. तीन बल्ब एकाच खोलीत विझत न्हाईत, म्हणजे खोट खोलीच्या वायरिंगमधी हाय. कुण्या गाढवानं बटण उलट्या तारेवर टाकलंय. वायरमन म्हणायचं असल्यांना! चाबकानं फोडलं पाहिजे. घर कोणाचं तुमचं?"

"शेषेराव पाटलांचं. वाघाळीचं."

आनंदराजनी बल्ब होल्डरमधून काढला. पुसला. परत लावला. परत काढला.

"तुमचं देवघर बैठकीच्या डाव्या अंगाला हाय, आणि त्याचं बटण बाहेर ओसरीवर?"

"हाव. तुमाला कसं ठाव?"

"जा तू आता. गुरुवारी सकाळी येतो मी."

तो गेल्यावर सिद्धेश्वर म्हणाला, "काय झालं काका? तोंड कामून उतरलं?"

"मीच तो."

"कोण?"

"गाढव."

वाघाळी भोकरपासून सहा-सात किलोमीटरवर. तीस-एकतीस वर्षांपूर्वी शेषेरावांनी नवं घर बांधलं तेव्हा वायरिंग आनंदराजनी केली. दहा दिवस काम चाललं. नऊ दिवस ते सगळ्या घरात फिरले. दहाव्या दिवशी देवघर उरलं आणि शेषेरावांची आई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "तिथं पाय नको ठेवूस बाबा." वाईट आवाजात नाही, चहा घे म्हणावं तशा आवाजात. शेषेराव ओशाळले आणि म्हणाले, "आनंदा, आतला जॉइंट मी मारतो. तू बाहेरून सांग."

वायरची लाल एकच गुंडाळी आणलेली होती, दुसऱ्या रंगाची आणायचा आळस पाटलांनी केला होता. बाकीच्या खोल्यांत आनंदराजनी वीज आणणाऱ्या दर तारेला गाठ मारून खूण ठेवली. देवघरात त्यांनी उंबऱ्याबाहेरून सांगितलं: एकीला गाठ मारा, गाठवाली बटणाकडं येऊ द्या. आतून "हाव हाव" असं आलं. तारा भिंतीतून बाहेर आल्या त्यांना गाठ नव्हती. त्यांनी त्या तशाच बटणाला जोडल्या, टेस्टर लावला, टेस्टर पेटला. पण बल्ब लावलेला असला की टेस्टर उलट्या तारेवरही पेटतो; खात्री करायची तर आतला बल्ब काढायला लावून पुन्हा टेस्टर लावायचा असतो. एक मिनिटाचं काम. ते त्यांना माहीत होतं. त्यांनी ते केलं नाही. देव त्यांचे, देवघर त्यांचं, जॉइंट त्यांचा. लागतोय ना दिवा, मग मरू द्या, असं म्हणून त्यांनी हत्यारं पिशवीत भरली. बोर्डाचे स्क्रू तेवढे सवयीनं उभे पिळले.

तारेच्या बल्बाला भरपूर वीज लागते, म्हणून तीस वर्षं काही कळलं नाही. लागत होता, विझत होता. शेषेरावांकडं तसल्या बल्बांचा साठा होता. तो संपला, सून आली आणि तिनं पाच वॅटचा बल्ब आणला.

"काका," सिद्धेश्वर म्हणाला, "मह्या गोडाऊनात जुने तारेचे चार बल्ब पडलेत. एक घेऊन जा, लावून या. विझंल. पाटील खूश, पोरगी खूश. कोण बोर्ड उघडून बघतंय?"

"आणि मग म्हणतील उताऱ्यानं गेली भानामती. जाणता कोंबडं घेऊन जाईल आणि पोरगी जन्मभर भानामतीवाली. पुढं घरात म्हैस आटली की हिच्याकडं बघतील."

"मग नवा वायरमन पाठवतो. गुपचूप तार पालटून येईल."

"तेबी तसलंच," आनंदराज म्हणाले.

गुरुवारी सकाळी दहाला ते वाघाळीच्या वळणावर रिक्षातून उतरले. घर तेच होतं, समोर पत्र्याचं शेड वाढलेलं. ओसरीवर एक निळी बॅग भरून ठेवलेली होती. बॅगेजवळ ती नवी सून, रेणुका, उभी होती. रडलेली वगैरे दिसत नव्हती. चिडलेली दिसत होती. शेषेराव बाजेवर बसले होते, पाठीत वाकलेले. देवघराच्या उंबऱ्यात गुणाबाई बसल्या होत्या, शेषेरावांच्या मालकीणबाई, सासू मरून गेल्यावर त्या जागेवर आता त्या.

"कोण? आनंदा का?" शेषेरावांनी डोळ्यांवर हात धरला. "लई दिवसांनी आलाव. शंकर म्हणला खरं, कुणी गजभारे काका येणार म्हणून. मला वाटलं दुसरे कुणी असतील."

"बोर्ड बघायचाय," आनंदराज म्हणाले.

"बोर्डात काय बघताव," गुणाबाई म्हणाल्या. "बोर्ड तीस वर्षं हाय. बोर्डानं कधी त्रास दिला न्हाई. देवणीचे बैल चांगले म्हणून ऐकलं होतं, आमी नको ते आणून बसलाव."

"बैल आणायचा होता तर बाजारात जायचं होतं," रेणुका म्हणाली.

"ऐकलंव? ऐकलंव तोंड?"

"तोंड नंतर," आनंदराज म्हणाले. "आधी बल्ब."

त्यांनी बोर्डाकडं बघितलं. लाकडी पेटी, काळं बटण, चार स्क्रू. चारीच्या खाचा उभ्या, एका रेषेत. गेल्या चाळीस वर्षांत स्वतःची सही बघून त्यांना कधी किळस आली नव्हती. आज आली.

"आतला बल्ब काढावा लागंल."

ते उंबऱ्याशी थांबले. गुणाबाई थोड्या सरकल्या, पण पुरत्या उठल्या नाहीत. शेषेराव घाईनं म्हणाले, "जा की आत. आता कोण काय म्हणतंय? काळ बदलला."

"तवा म्हणलं असतं तर आज यायचं काम पडलं नसतं."

शेषेराव खाली बघू लागले. गुणाबाई उठल्या. आनंदराजनी चपला काढल्या आणि आत गेले. तीस वर्षांपूर्वी ज्या खोलीत त्यांना पाय ठेवू दिला नव्हता ती खोली आठ बाय सहाची निघाली. कोपऱ्यात तेलाचा डबा आणि फुटका पंखा. त्यांना वाटलं होतं काहीतरी असेल.

त्यांनी सगळ्यांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. भर सकाळी काळोख झाला. बटण बाहेर बंद होतं. वर, राखेखालच्या निखाऱ्याएवढा, बल्ब दिसत होता.

"बघा," गुणाबाई कुजबुजल्या.

"बघून राहिलोय. दार उघडा. रेणुका, स्टुलावर चढ आणि काढ तो. मह्याच्यानं चढवत न्हाई."

तिनं बल्ब काढला. आनंदराजनी शिवशंकरला स्टुलावर चढवलं, टेस्टर त्याच्या हातात दिला आणि होल्डरच्या दोन्ही पिनांना लावायला सांगितलं. एका पिनेवर टेस्टर पेटला.

"बटण बंद हाय ना?"

"बंद हाय."

"मग वीज इथवर कशी आली?"

शिवशंकर टेस्टरकडं बघत राहिला.

"तुह्या रानात ठिबक हाय ना?"

"हाय."

"नळीच्या शेवटच्या टोकाला बूच मारलं आणि इकडं मोटार चालूच ठेवली, तर नळीत पाणी राहील का न्हाई?"

"राहणारच. भरून राहील. कुठं पाझरंल बी."

"हे पाझरून राहिलंय. भिंती ओल्या हाईत म्हणून ह्या महिन्यात जास्त. बटण यायला पाहिजे होतं वीज येते त्या तारेवर. टाकलंय वीज जाते त्या तारेवर. जुना बल्ब दांडगा होता, थेंबाथेंबानं त्याचं काही होत नव्हतं. हा नवा थेंबावरबी लुकलुकतो. बल्बात खोट न्हाई. निवडणारीत तर न्हाईच. सबंध गावात एका बाईनं होल्डर बघून, खोली बघून बल्ब नेला, आणि तिच्या हातात तुमी बॅग दिली. शाबास."

"पण मग," शेषेराव सावकाश म्हणाले, "तार उलटी जोडली कुणी?"

हा प्रश्न येणार हे आनंदराजना सोमवारपासून माहीत होतं. उत्तरंही दोन-तीन तयार होती. जॉइंट तुम्ही मारला, हे एक. ते खोटं नव्हतं.

"मी," ते म्हणाले. "आतला जॉइंट तुमचा, एका रंगाची वायरबी तुमची. पण बटणाला मी जोडली. गाठ दिसत न्हाई हे मला दिसलं होतं. बल्ब काढून तपासायचं असतं, तेबी मला ठाव होतं. तपासलं न्हाई. तुमच्या आईनं उंबऱ्यात अडवलं त्याचा राग मी कामावर काढला. काम खोटं केलं आणि त्याचे पूर्ण पैसे घेऊन गेलो."

बाहेर शेडमध्ये म्हशीनं साखळी वाजवली.

"आनंदा, जाऊ द्या ओ, जुनी गोष्ट," शेषेराव म्हणाले.

"जुनी कशी? बॅग आज भरली. शंकर, मेन बंद कर आणि ये इकडं. हातानं जोडायचं तू. मी उभा राहतो. ह्या वेळी आत."

अर्धा तास लागला. शिवशंकरची बोटं चिखलात बरी चालत, तारेवर नाही. पहिला जॉइंट आनंदराजनी सोडायला लावला. दुसराही. "पिळ घट्ट. लग्नाची गाठ न्हाई ती, सैल चालायला." तिसरा त्यांनी ओढून पाहिला आणि मान हलवली. खुणेसाठी एका तारेला काळी पट्टी गुंडाळून घेतली. मग होल्डर रिकामा असतानाच टेस्टर लावला, बटण बंद करून, चालू करून. मग बल्ब. मग दार लावलं. काळोख पुरता काळा झाला.

गुणाबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "पण जाणता तर म्हणला होता, नवीन माणसाच्या हातून..."

"जाणत्याला विचारा, फेज कशाला म्हणतेत," आनंदराज म्हणाले. "सांगितलं तर मी त्याच्या पाया पडतो."

तेवढ्यात दारात जीप थांबली. रेणुकाचा भाऊ गुरुलिंग उतरला. थोराड, मितभाषी, येताना भांडणाचं तोंड करूनच आलेला. शिवशंकर पुढं गेला आणि त्याला घाईघाईनं वायर, ठिबक, बूच सगळं एका दमात सांगू लागला. गुरुलिंगनं सगळं ऐकून घेतलं आणि बहिणीकडं बघितलं.

"मिटलं म्हणतेत. काय करायचं?"

"राहू दे आता बॅग," गुणाबाई म्हणाल्या. "चहा टाक गं रेणुका."

रेणुकानं बॅग उचलली. "चहा तुमी टाका. मी देवणीला चाललेय."

"आता कामून? आता तर कळलं ना वायरचं होतं!"

"वायरचं तुमाला आज कळलं. मी पहिल्या दिवशी म्हणलं होतं, वायरमन बोलवा. तुमी जाणता बोलवला." ती नवऱ्याकडं वळली. "तुमी तर शिकलेले. तीन बल्ब पालटून बघितले, म्हणजे डोकं होतं. चौथ्याला लिंबू कापलं." मग भावाला म्हणाली, "मला पाठवलं म्हणून नको सांगू कुणाला. मी जाऊन राहिले. आणायचं असंल तर आत्याबाईंनी यावं. स्वतः. आमच्या गल्लीत, चार माणसांत सांगावं, काय झालं होतं ते."

जीपजवळ ती आनंदराजपाशी थांबली. ते काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल अशा अपेक्षेत नव्हते, तरी चाळीस वर्षांची सवय. काम झाल्यावर माणूस थांबतो.

"काका, तुमचा राग खरा होता," ती म्हणाली. "पण तो ह्यांच्यावर काढायचा होता. तोंडावर. तुमी तो भिंतीत पुरला आणि तो मह्या अंगावर निघाला."

"हाव," आनंदराज म्हणाले.

गुणाबाईंना देवणीला जायला नऊ दिवस लागले. ही बातमी सिद्धेश्वरनं आणली. गेल्या, गल्लीत बसल्या, सांगितलं म्हणे, अडखळत का होईना; सून दोन दिवसांनी परत आली. सिद्धेश्वरला वाटलं काका खूश होतील.

"नऊ दिवस," आनंदराज म्हणाले. "पाय मोडला होता का?"

पण त्या नऊ दिवसांत खुर्ची रिकामीच होती. आनंदराज घरी बसून आठवत होते. कुठल्या कुठल्या घरात त्यांना उंबऱ्यावर थांबवलं होतं आणि कुठल्या घरातून ते लागतोय ना, मरू द्या म्हणून निघाले होते. पहिल्या दिवशी दोन आठवली. मग पाच. मग एकेक करून अकरा. नुसता आकडाच असता तर बरं, पण त्यात एक मुदखेडचं, दोन अर्धापूरकडची केळीवाल्यांची. ज्यांच्याबद्दल त्यांना अजूनही चांगलं काही म्हणवत नव्हतं अशी माणसं.

दहाव्या दिवशी ते अर्धापूरला एका बंगल्याच्या फाटकाशी उभे होते, पिशवी घेऊन. आतून मालकाचा मुलगा आला, पन्नाशीचा, त्यांना न ओळखणारा. डोक्यावर, दिवसाढवळ्या, पोर्चमधला शंभर वॅटचा पांढरा दिवा चालू.

"काय पाहिजे, मामा?"

"हा दिवा बंद करा आधी," आनंदराज म्हणाले. "मग देवघर दाखवा. तुमच्या बापाच्या काळात तिथली तार मी ओढलीय, आणि चुकीची ओढलीय."